प्रिन्स ऑफ पर्शिया : पहिला भारी की दुसरा?

रंकाळावेस :
सरळ मुद्द्यावर येतो. प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या कॉम्प्युटर गेमचा दुसरा भाग, म्हणजे १९९३ चा 'द शॅडो अँड द फ्लेम', पहिल्यापेक्षा सरस आहे. आपल्या वयाची माणसं हे कबूल करत नाहीत, कारण पहिला सगळ्यांनी खेळलाय आणि दुसरा शेवटपर्यंत नेलेले फार थोडे.

पहिल्यात आहे काय? तळघर. मग आणखी तळघर. मध्ये थोडा राजवाडा, की परत तळघर. एका वेळी एक शिपाई, तोही बिचारा आपण समोर येईपर्यंत जागचा हलत नाही. १२ लेव्हल, ६० मिनिटं, विषय संपला. दुसऱ्याची नुसती सुरुवात बघा. दुष्ट वजीर जाफरनं आपलं, म्हणजे राजपुत्राचं, रूप घेतलंय, भर दरबारात आपल्याला कोणी ओळखत नाही, खिडकी फोडून बाहेर, मागे शिपाई, गच्च्यांवरून पळत पळत बंदर आणि सुटलेल्या जहाजावर उडी. पुढे वादळ, वीज, निर्जन बेट, गुहा, उडता गालिचा, पडकं शहर, साप, उडती मुंडकी, पक्ष्याच्या तोंडाचे पहारेकरी आणि शेवटी घोडा. १४ लेव्हल, ७५ मिनिटं.

भाचा दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलाय. त्याला दोन्हीतला एकच दाखवायचा आहे. एकच, कारण त्याच्या आईची ताकीद आहे. मी दुसरा दाखवणार. हरकत असेल त्यांनी कारणासकट बोला. 'आमच्या वेळी असं होतं' हे कारण धरलं जाणार नाही.

मंगळवारपेठी :
हरकत. पहिलाच. कारण रात्री लिहितो, आत्ता दुकानात गिऱ्हाईक उभं आहे.

टर्बो_बटण :
'डेंजरस डेव्ह' हा गेम दोन्हींपेक्षा भारी.

सातवी_गल्ली :
@टर्बो_बटण, आलास? प्रत्येक धाग्यावर डेव्ह!

@रंकाळावेस, तळघर म्हणून उडवून लावू नका. त्या तळघराचे नियम एकदा कळले की शेवटपर्यंत बदलत नाहीत, मजा तिथंच आहे. एका मजल्यावरून पडला तर काही होत नाही. दोन मजल्यांवरून पडला तर एक जीव जातो. तीन मजले म्हणजे खेळ खलास. फरशीची शंका आली तर जागच्या जागी उभी उडी मारायची, सैल असेल तर हलते. खिळ्यांतून शिफ्ट दाबून सावकाश चालत गेलं तर पायाला काटा लागत नाही, धावत गेलं की संपलं. उघडझाप करणारी पाती असतात तिथं शिफ्टनं एकेक पाऊल टाकत पात्याला नाक लावून उभं राहायचं, उघडलं की पलीकडे. यातलं काहीही मला कोणी सांगितलं नव्हतं. खेळानंच मारून मारून शिकवलं.

आता दुसऱ्याचा शेवट सांगा. जाफरला तलवारीनं मारता येत नाही. स्वतःच्या शरीरातून सावली होऊन बाहेर पडायचं, आणि त्यासाठी काय करायचं? जागेवर उभं राहून डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे भराभर वळत राहायचं. वर त्यात एक जीव जातो. हे एखाद्याला आपसूक सुचावं अशी अपेक्षा कोण करतं?

रंकाळावेस :
मग पहिल्यातल्या बाराव्या लेव्हलचं काय? सावली समोर तलवार उपसून उभी आहे, आणि आपण तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत जायचं. हे तरी कोणाला आपसूक सुचणार होतं? त्याच्यापुढं कडा संपते, खाली खोल दरी, आणि तिथं चक्क हवेत पळत सुटायचं, पावलाखाली फरशी येत जाते. दुसऱ्याला नावं ठेवताना हे बरं विसरता.

पंचगंगा_पातळी :
धागा तापतोय. मी इथंच बसलोय. कुणीतरी चहा सांगा.

जोतिबाचा_गुलाल :
दादा लोकांनो, मी २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' खेळलोय, त्याच्या आधीचे नाही. एक विचारतो. या जुन्या दोन्हीत वेळ मागे फिरवायची सोय नाही?

सातवी_गल्ली :
@जोतिबाचा_गुलाल, आहे की. कंट्रोल आणि ए. लेव्हल पहिल्यापासून चालू, घड्याळ मात्र मागे येत नाही.

@रंकाळावेस, तलवार म्यान करण्याचा धागादोरा खेळात आहे. तो कसा, ते नीट सांगतो.

चौथ्या लेव्हलला बाहेरचं दार उघडून परत येताना वाटेत आरसा उभा राहिलेला असतो. जाताना नव्हता. धावत येऊन त्याच्यावर उडी घ्यायची. आरशातून आपण पलीकडे पडतो आणि आपल्यातून एक सावली निघून उलट दिशेला पळून जाते. त्याच क्षणी आपले सगळे जीव जाऊन एकच उरतो. म्हणजे खेळानं तिथंच सांगितलं की हा परका नाही, आपल्यातलाच अर्धा गेलाय. पाचव्या लेव्हलला आपल्यासाठी ठेवलेली मोठी बाटली तोच पिऊन जातो. सहाव्याला आपण उडी मारून पोचणार इतक्यात तो बटणावर पाय ठेवून दार पाडतो आणि आपण थेट सातव्यात. एवढा छळ झाल्यावर बाराव्यात तो समोर येतो, तेव्हा हात शिवशिवणारच.

आणि मग पहिला वार बसतो. त्याचा एक जीव जातो आणि खाली कोपऱ्यात आपलाही जातो. दुसरा वार, परत तेच. त्याला मारलं तर आपण मरतो. इथं माणूस थांबतो. थांबला की खालचा बाण दाबून बघतो. कॉम्प्युटर क्लासच्या लॅबमध्ये आम्ही सगळे खुर्चीमागे उभे होतो, खेळणाऱ्यानं तलवार ठेवली तसं सावलीनंही ठेवली. मग दोघं एकमेकांकडे चालत आले आणि एक झाले. मागचे सगळे एकदम ओरडले, तर सर केबिनमधून बाहेर.

दुसऱ्यातल्या त्या गिरक्यांना असला एकतरी आधार दाखवा.

पन्हाळा_ते_हॅम्बुर्ग :
सातवी गल्ली, सहमत. फक्त हवेतल्या पळण्याचं समर्थन मी करणार नाही. त्याला खरंच काही सूचना नाही. आमच्यात तो शोध एकजण चुकून धावत सुटला म्हणून लागला, आणि पुढे वर्षभर तो 'मी ओळखलं होतं' म्हणून सांगत फिरत होता.

लाल_माती :
आमच्या तालमीतल्या भाषेत सांगतो. पहिल्यात कुस्ती हाय, दुसऱ्यात हाणामारी.

पहिल्यात समोर एकच गडी. आधी खडाखडी. तो पुढं सरकतोय का बघायचं, आपुन अर्धं पाऊल मागं. त्यानं वार टाकला की वरचा बाण दाबून अडवायचं अन् लगेच शिफ्ट. उगं शिफ्ट बडवत बसलं की मेलंच. सहाव्या लेव्हलचा जाड्या आठवतोय काय? ढेरी बघून हसत हसत गेलेली पोरं तोंड पाडून परत आल्यात. त्याला घाई चालत न्हाई, त्याच्या वाराची वाट बघावी लागत्या.

दुसऱ्यात एकाला अडवालोय तवर पाठीमागनं दुसरा भोसकतोय. त्याच्याकडं वळलं की पयला. डाव कसला अन् पेच कसला. लई वंगाळ.

रंकाळावेस :
लाल माती, खरी लढाई तशीच असते की. चार शिपाई एकेक करून रांगेत येतात होय? दुसऱ्यात जागा बघावी लागते, पाठ भिंतीला लावावी लागते, दोघांच्या मध्ये सापडायचं नाही ही अक्कल लागते. नवीन डाव आहे म्हणून डावच नाही म्हणायचं, हे काय बरोबर नाही.

लाल_माती :
खरी लढाई बघायची असली तर रस्त्यावर बघतो की. गेम कशाला लावू?

बावडेकरीण :
मी त्या काळात एका कॉम्प्युटर क्लासची लॅब सांभाळायचे, म्हणून थोडं वेगळं सांगते. तुम्ही सगळे गुणवत्तेवर भांडताय. कोल्हापुरात पहिला गाजला तो फ्लॉपीमुळे.

पहिला १.२ एमबीच्या मोठ्या फ्लॉपीत आरामात मावायचा. हर्क्युलस कार्डाच्या एकरंगी मॉनिटरवरही चालायचा, आणि लॅबमधली बहुतेक मशिनं तसलीच होती. दुसऱ्याला व्हीजीए, म्हणजे रंगीत चित्रांचं कार्ड, लागायचं, हार्ड डिस्कवर जागा लागायची, आणि तो फ्लॉप्यांच्या गठ्ठ्यात यायचा. गठ्ठ्यातली एक हमखास खराब. निम्म्यावर इन्स्टॉल झाला की 'सेक्टर नॉट फाउंड', मग ती फ्लॉपी काढून फुंकर मारायची, परत घालायची, परत तेच. चपला बाहेर, एसी चालू, मॉनिटरवर कव्हर आणि एवढ्या सोवळ्यात फ्लॉपीवर बुरशी! पावसाळ्यात तर विचारूच नका.

त्यामुळे दुसरा वाईट होता म्हणून मागे पडला असं नाही. पोचलाच नाही.

आणि ज्या पहिल्याचं कौतुक चाललंय त्याची दुसरी बाजू पण सांगा की. पहिली लेव्हल झाली की बाटल्यांची खोली लागायची. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं, त्या अक्षराची बाटली प्या. मॅन्युअल कुणाकडे असणार? वहीच्या शेवटच्या पानावर उत्तरं लिहून ठेवलेला एक मुलगा होता, त्याला सगळे चहा पाजायचे.

टर्बो_बटण :
ती वही मी झेरॉक्स केली होती.

मंगळवारपेठी :
आलो. कबूल केल्याप्रमाणे कारण.

पहिल्यातला खरा शत्रू जाफर नाही, घड्याळ आहे. ६० मिनिटं, आणि ती खरोखरची ६० मिनिटं. मेलात तरी चालू, लेव्हल परत सुरू केली तरी चालू. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून गेम सेव्ह करता येतो, पण सेव्ह होतो तो उरलेल्या वेळेसकट. म्हणजे रमतगमत सहाव्यापर्यंत आलात आणि सेव्ह केलंत, तर तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःचा पराभव जपून ठेवलात. पुढं कितीही चांगलं खेळा, वेळ पुरत नाही. मग परत पहिल्यापासून. आणि या खेपेला पहिली लेव्हल झरकन जाते, कारण कुठली फरशी सैल आणि कुठलं दार कुठल्या बटणाचं हे पाठ असतं. स्पेसबार दाबून किती मिनिटं राहिली ते बघायचं, मनात हिशोब मांडायचा. तिसऱ्याचा सांगाडा झटपट ढकलला तर दोन मिनिटं वाचतात, ती आठव्याला कामाला येतील. हा हिशोब मला फार आवडायचा. अजून आवडतो.

दुसऱ्यातही ७५ मिनिटं आहेतच. पण एखाद्या ठिकाणी तिघांनी घेरलं की किती वेळ जाईल ते नशिबावर. घाई होते, हिशोब होत नाही.

जाता जाता : शिफ्ट आणि एल दाबून चौथ्या लेव्हलपर्यंत उड्या मारणारे वीर इथं असतील. घड्याळ १५ मिनिटांवर आलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

जोतिबाचा_गुलाल :
सेव्ह करून पण हरायचं? विषय हार्ड आहे राव तुमचा.

चित्रनगरीकर :
अॅनिमेशन शिकवतो, त्यामुळे चालीबद्दल बोलतो.

हा गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेक्नरनं १९८५ मध्ये धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, भिंतीला लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ काढला. एकेक फ्रेम काढून त्यावरून राजपुत्र रेखाटला. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजीसाठी १९३८ च्या 'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' सिनेमातलं द्वंद्व वापरलं. त्यामुळेच राजपुत्र पळता पळता थांबताना पाय घासतो, वळताना अंग आधी आणि पाय नंतर वळतात, उडीच्या आधी गुडघा वाकतो. अंगाला वजन आहे. त्या काळच्या इतर गेममधला गडी बटण दाबताच हवेत असायचा.

सावली कुठून आली तेही ऐका. मूळ गेम अॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरवरचा, मेमरी तुटपुंजी. राजपुत्राच्याच फ्रेम्सनी ती भरलेली, शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागा नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून स्वतःवरच उमटवली, तर एक चमकती काळसर आकृती तयार झाली. जागेच्या टंचाईतून आलेलं पात्र आहे ते! पुढे जागा करून शिपाई बसवले. संगीत मेक्नरच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेक्नर यांचं, जे पेशानं मानसशास्त्रज्ञ. २०१२ मध्ये याच वडिलांना घरात जुन्या डिस्कचं खोकं सापडलं आणि हरवलाय असं वाटणारा मूळ सोर्स कोड जगाला मिळाला.

दुसऱ्यात आराखडा आणि दिग्दर्शन मेक्नरचं, प्रोग्रॅमिंग मात्र गेम काढणाऱ्या ब्रोडरबंड कंपनीच्या टीमचं. चाल मुळात तीच, मागचे पडदे श्रीमंत. पडदे मला आवडतात, ते बेट आणि त्या गुहा सुरेखच रंगवल्यात. पण पळणाऱ्या राजपुत्राकडे बघायचं सोडून मी पडदे बघत बसतो, आणि माझ्या धंद्यात ही तक्रार समजली जाते.

अवांतर : प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये याच गावात, कोल्हापुरात, सुरू झाली. चालत्या चित्रांच्या गावात हा गेम आवडला नसता तरच नवल.

पंचगंगा_पातळी :
आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. जखमेवर मीठ चोळू नका.

पन्हाळा_ते_हॅम्बुर्ग :
झालं, आता दोनशे प्रतिसाद पुण्यावर. कृपा करा.

मला दुसऱ्याची वेगळीच तक्रार आहे. गोष्ट पुरी होत नाही हो. जाफर जळून खाक होतो, राजपुत्र आणि राजकन्या घोड्यावरून निघतात, आणि शेवटच्या चित्रात एक म्हातारी चेटकीण त्यांच्यावर नजर ठेवून बसलेली. ही कोण? हिचं काय? पुढे काहीच नाही. १९९९ मध्ये थ्रीडी भाग आला, त्यात ती नाही. २००३ ला तर गोष्टच नवी. इतकी वर्षं मी त्या म्हातारीच्या काळजीत आहे.

पहिल्यात बघा : राजकन्या, वाळूचं घड्याळ, जाफर, मिठी. खतम. आणि आठव्या लेव्हलचा तो उंदीर! दार बंद झालंय, आपण अडकलोय, राजकन्येनं पाठवलेला पांढरा उंदीर येतो, बटणावर चढतो, दार उघडतं. एक शब्द न बोलता तिला एवढं तरी काम दिलंय. दुसऱ्यात ती बिचारी आजारी पडून राहते.

ता. क. : सुपर निन्टेंडो या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर १९९२ चा पहिला भाग आहे, त्यात २० लेव्हल आणि १२० मिनिटं. रंकाळावेस साहेबांना 'जास्त' आवडत असेल तर तो दाखवा.

रंकाळावेस :
'जास्त' म्हणून आवडतो असं मी कुठं म्हटलं? वेगळं दिसत राहतं म्हणून आवडतो. पहिल्यात एक प्रकारची भिंत आणि दुसऱ्या प्रकारची भिंत. दुसऱ्यात गुहेतला तो पूल आठवा. पुलावर सांगाडा पडलाय, आपण ओलांडून गेलो की मागं खडखड आवाज, आणि वळून बघतो तर उठून उभा. अंगावर काटा आला होता. साउंड कार्ड असलेल्या मशिनवर तर निवेदनही ऐकू यायचं, त्या काळात कॉम्प्युटर बोलतोय म्हणजे आम्ही शेजाऱ्यांना बोलावून आणलं होतं.

बावडेकरताई म्हणतात ते शंभर टक्के. लोकांनी दुसरा नीट खेळलाच नाही. पडकं शहर बघितलेले हात वर करा बघू या धाग्यावर.

सातवी_गल्ली :
हात वर. मुंडक्यांनी चावून चावून बेजार केलं, म्हणून पुढं बघितलं नाही.

बावडेकरीण :
हात वर. आणि मी शेवटपर्यंत गेले आहे. गेम सुरू करताना 'प्रिन्स यिप्पीयाहू' हा चोरवाटेचा शब्द टाइप करून. लॅब सांभाळणाऱ्यांना एवढी सवलत असते.

टर्बो_बटण :
पहिल्यासाठी 'प्रिन्स मेगाहिट'. शिफ्ट आणि टी दाबला की जीव वाढतो, के दाबला की शिपाई जागच्या जागी आडवा. जाड्याला मी असाच मारलाय.

लाल_माती :
@टर्बो_बटण, भावा, ह्याला आमच्यात काय म्हणत्यात ते इथं लिहिता येत न्हाई.

शिस्तप्रिय :
या दोन्हींना अॅडव्हेंचर, म्हणजे साहसी, गेम म्हणायची पद्धत आहे, ती ढोबळ आहे. हे सिनेमॅटिक प्लॅटफॉर्मर, म्हणजे सिनेमासारख्या हालचालींचे, उड्या मारत पुढं जायचे गेम. अॅडव्हेंचरमध्ये वस्तू गोळा करणं, कोडी, संवाद असतात.

मंगळवारपेठी :
@शिस्तप्रिय, तुरुंगातून सुटून तलवार शोधून राजकन्या सोडवायची, यात साहस नाही तर काय सत्यनारायण आहे?

शिस्तप्रिय :
व्याख्या वेगळी, भावना वेगळी. असो.

चित्रनगरीकर :
धागाकर्त्यांच्या भाच्याचं काय झालं? आपण तिघं-चौघं केव्हापासून त्याच्या वतीनं भांडतोय.

रंकाळावेस :
सांगतो. काल दुपारी डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, दुसरा लावून दिला. गच्चीवर पहिल्याच शिपायांनी उडवला. परत उडवला. पोरगं म्हणतंय, 'मामा, बटण दाबलं तरी हा लगेच उडी का मारत नाही? लॅग आहे.' लॅग नव्हे रे बाबा, माणूस आहे तो, उडीच्या आधी पाय टेकवणारच, असं चित्रनगरीकरांचं व्याख्यान त्याला ऐकवलं. पटलं नाही.

मग जहाजापर्यंत पोचला कसाबसा. मी आपला खुशीत, आता बेट येणार, गुहा येणार. तर ह्यानं सुरुवातीची गोष्ट आठवून विचारलं, हा जाफर आधीच्या भागात कसा हरला? आणि सावली सावली म्हणतात ती कुणाची? मी आरशाचं सांगायला लागलो, तर म्हणाला, 'थांबा, सांगू नका,' आणि स्वतःच पहिला लावून बसला.

माझं मत बदललेलं नाही. दुसराच सरस. पण दुसरा कळायला पहिला खेळलेला असावा लागतो हा त्यातला दोष आहे, तेवढा मान्य. त्याच्या आईला दोन गेम कसे झाले ते मी बघून घेतो.

मंगळवारपेठी :
आता कसं! नाद खुळा पोरगं.

पन्हाळा_ते_हॅम्बुर्ग :
पहिला कुठवर आलाय?

रंकाळावेस :
तिसरी लेव्हल. एक अडचण आहे. तलवार चालवायला शिफ्ट भराभर दाबला की विंडोजची एक खिडकी मध्येच उघडते, स्टिकी कीज चालू करू का म्हणून विचारते, आणि तोवर समोरचा भोसकून मोकळा. कंट्रोल पॅनेलमध्ये शोधतोय, सापडेना.

बावडेकरीण :
शिफ्ट पाच वेळा दाबला की ती येते. त्याच खिडकीत खाली शॉर्टकट बंद करायची ओळ असते, तिच्यावर टिचकी मारून सेटिंगमध्ये जा, आणि शिफ्ट पाच वेळा दाबून चालू होण्याची खूण काढून टाका. आणि अॅरोच्या बटणांवर जोर काढू नको म्हणावं त्याला, लॅपटॉपची लवकर जातात.

रंकाळावेस :
झालं ताई, धन्यवाद. आता सांगाड्याशी जुंपलीय. वार बसतायत, पण तो मरत नाही म्हणून वैतागलाय. चिडून घड्याळ बघतोय सारखा. मारायचा नसतो, कड्यावरून ढकलायचा असतो, एवढं सांगून टाकू का?

सातवी_गल्ली :
नको.

लाल_माती :
अजाबात नको.

टर्बो_बटण :
मेगाहिट.